समन्वय शुल्क, अठराशे रुपये

प्रियदर्शनी रणपिसेला एका जागी बसवत नसे आणि नोकरी मात्र नेमकी बसायची मिळाली होती. शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात ती एकवीस वर्षं बिलाच्या खिडकीत होती. काचेच्या आत ती, बाहेर रांग. बोटं कीबोर्डवर चालायची आणि टेबलाखाली उजवा पाय सतत हलत राहायचा. शेजारच्या खिडकीतली संस्कृती वयाने तिच्या निम्मी. ती कधीकधी वैतागून म्हणायची, "ताई, पाय थांबवा ना, माझा मॉनिटर हलतोय." पाय थांबायचा. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू.

घरी विश्रांतवाडीलाही हीच तऱ्हा. चहा ती उभ्याने प्यायची, तोही अर्धा. उरलेला कुठेतरी खिडकीत नाहीतर फ्रीजवर गार होऊन सापडायचा. नवरा इंद्रजीत पीएमपीच्या डेपोत मेकॅनिक. शांत माणूस, आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा. बायकोबद्दल त्याचं एकच निदान होतं, "हिला न्यूट्रल गिअरच नाही." मुलगी पूर्वा आयटीत. तिचं निदान वेगळ्या भाषेतलं, "आई, तू ना, प्रत्येक गोष्टीचं ओव्हरथिंकिंग करतेस."

ही सवय वडिलांची. ते खडकीच्या कारखान्यात फिटर होते. विजेचं बिल आलं की शाळकरी प्रियदर्शनीला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावायचे. स्थिर आकार म्हणजे काय? वीज शुल्क कुणाला जातं? तिला आलं नाही, तर स्वतः वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारून यायचे. चपला झिजवायचे, पण उत्तर आणायचे. ते गेले आणि घरातली बिलं मोबाइलवरून भरली जाऊ लागली. बिलं वाचायची चालच राहिली नाही.

खिडकीत बसून ती रोज दुसऱ्यांची बिलं छापत होती. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटर, खाटभाडं, नर्सिंग, तपासण्या. बरीच वर्षं हे सगळं इंग्रजीत छापून यायचं. लोक शेवटचा आकडा बघायचे, डोळे मिटायचे आणि कार्ड पुढे करायचे. मग एका विश्वस्तांनी हट्ट धरला, की रुग्ण मराठी आहेत, तर बिलही मराठीत मिळालं पाहिजे. मराठी बिलाचं थोडंफार कौतुकही झालं. लोकांना आता बिल वाचता येणार, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, खिडकीसमोर भैरू घुले उभे राहिले. मांजरी गावचे, सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला पांढरी टोपी. घराण्याची शेती, पण आता उरलेल्या पाऊण एकरात फुलझाडांची रोपवाटिका. बायको चंपाबाई पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दाखल होती. तिला त्या दिवशी घरी सोडत होते. भैरूंनी बिल हातात घेतलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. मागची रांग चुळबुळली. प्रियदर्शनीचा पायही चुळबुळला.

बोट सातव्या ओळीवर थांबलं.

"ताई, ह्यो समन्वय कोन हाय?"

"काय?"

"समन्वय शुल्क, अठराशे रुपये, आसं लिवलंय. सर्जनसाहेब म्या बघितलं. भूल देनाऱ्या बाई बघितल्या. सिस्टर लोकं तर दिसरात हुतीच. ह्ये समन्वय काय आलं न्हाईत आमच्याकडं. आलं आसत्याल आन म्या झोपलो आसंल, तर तसं सांगा."

मागे कुणीतरी हसलं. भैरू हसले नाहीत. ते खरंच विचारत होते.

"ते माणसाचं नाव नाही, काका. समन्वय म्हणजे… वेगवेगळे विभाग असतात ना, त्यांच्यात ताळमेळ ठेवायचा असतो."

"कोन ठिवतं?"

प्रियदर्शनीने स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर तेच होतं जे कागदावर होतं. "सिस्टीममध्ये येतं ते, काका. सगळ्यांना येतं."

"पैशाला ना न्हाई," भैरू म्हणाले. "काम केलं आसंल त्याला पैसा दिलाच पायजे. आमच्या रोपांच्या पावतीवर 'खड्डा खणाई' लिवलं, तर गिऱ्हाईक म्हनतं, खड्डा दाखवा. आमी दावतो. म्हून इचारलं." आणि मग अगदी साध्या आवाजात, जणू तिची कीव आल्यासारखं, म्हणाले, "तुमालाबी ठावं न्हाई व्हय."

त्यांनी सगळे पैसे भरले. पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि बायकोला चाकाच्या खुर्चीवरून न्यायला निघून गेले.

त्या दिवशी प्रियदर्शनीने आणखी अठरा बिलं छापली. अठराही बिलांत ती ओळ होती. एकवीस वर्षांत लोकांनी तिला शिव्या घातल्या होत्या, पाया पडले होते, एकदा एकाने काचेवर पाण्याची बाटली फेकली होती. त्यातलं काही घरी सोबत आलं नव्हतं. हा प्रश्न आला. इंद्रजीतने आमटी पुढे सरकवली तेव्हा तिने विचारलं, "अहो, तुमच्या डेपोत एखाद्या पार्टचं नाव माहीत नसताना बसवतात का हो?"

"बसवतात," इंद्रजीत म्हणाला. "मग गाडी कात्रजला बंद पडते."

दुसऱ्या दिवसापासून तिने विचारायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती जिने चढायची. कॉम्प्युटर विभागातली शेफाली म्हणाली, "ताई, आम्ही फक्त कोड टाकतो. कोड अकाउंट्सकडून येतो." अकाउंट्समधले म्हणाले, "आमच्याकडे जमा होतं. लावतं प्रशासन." प्रशासनातल्या बाई म्हणाल्या, "ते पॅकेजचा भाग असेल, नर्सिंगला विचारा." नर्सिंगच्या मेट्रन हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "आम्हाला समन्वयाचे पैसे मिळत असते, तर मी या वयात तीन मजले चढले असते का?"

चौथ्या दिवशी ती पुन्हा शेफालीसमोर उभी राहिली. शेफालीने हात जोडले.

अशा वेळी बाकीचे लोक सोडून देतात. प्रियदर्शनीला सोडता येईना. बसमध्ये सीट मिळाली तरी ती उभी राहायची. बिल छापताना त्या ओळीवर नजर पडली की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. आपण बोट ठेवून काही दाखवू शकत नाही आणि तरी हात पुढे करतो, हे तिला टोचत होतं.

शेवटी तिने कुणाकडून तरी नाव मिळवलं आणि एका शनिवारी कसबा पेठेत ऋचा देवस्थळींकडे गेली. त्या कॉस्ट अकाउंटंट. कारखान्यांना आणि संस्थांना एखादी वस्तू किंवा सेवा मुळात कितीला पडते, ते काढून द्यायच्या. भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खालून तांब्यावरच्या हातोडीचा ठोका सारखा ऐकू येत होता.

"बसा," ऋचाबाई म्हणाल्या. "माझी फी पाचशे रुपये, अर्ध्या तासाची. आधी सांगते. दहा मिनिटांत समजलं तर उरलेल्या वीस मिनिटांचे परत मिळत नाहीत."

"आणि नाही समजलं तर?"

"चूक तुमची की माझी, हे ठरवायची फी वेगळी."

प्रियदर्शनीला कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिने पाचशेची नोट टेबलावर ठेवली आणि स्वतःचं नाव न सांगता बिलाची एक जुनी प्रत पुढे केली. रुग्णाचं नाव तिने कापून टाकलं होतं. ऋचाबाईंनी पेन उचललं.

"हे सर्जनचे. पोट उघडण्याचे नाहीत, आत काही भलतंच दिसलं तर काय करायचं ते माहीत असण्याचे आहेत. हे भूल देणाऱ्याचे. झोपवतं कुणीही, परत उठवण्याचे पैसे आहेत हे. थिएटरचे घेतात, कारण ते रिकामं असलं तरी एसी आणि निर्जंतुकीकरण चालूच असतं. यातलं महाग काय, स्वस्त काय, त्यावर भांडता येईल. पण प्रत्येकाखाली काहीतरी आहे. कुणाचा वेळ आहे, शिक्षण आहे, जागा आहे, यंत्र आहे, चुकलं तर उत्तर द्यायची जबाबदारी आहे." पेन सातव्या ओळीवर आलं. "याच्याखाली काय आहे?"

"तेच तर विचारायला आले."

"मग फी नव्हे ही. वर्गणी आहे. वर्गणीलाही माझी हरकत नाही, पण मग पावतीवर गणपतीचं चित्र छापा म्हणावं."

खाली हातोडी थांबली, पुन्हा सुरू झाली. ऋचाबाई पुढे म्हणाल्या, "अठराशे जास्त की कमी, हा तुमचा प्रश्नच नाही. हे काम कोण करतं, आणि हे घ्यायला कधी सुरुवात झाली, एवढे दोनच प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर मिळेल. संस्था सगळं हरवते. पैसे घ्यायला सुरुवात केल्याचा कागद कधी हरवत नाही."

अकरा मिनिटं झाली होती. जिना उतरताना प्रियदर्शनीला वाटलं, हे पाचशे रुपये मात्र कशाचे दिले, ते अगदी स्वच्छ कळलं.

सोमवारी ती खिडकीत बसली आणि एक गोष्ट करू लागली. कुणी बिल वाचताना थबकलं, की ती स्वतःहून सांगायची, "या ओळीचा अर्थ मला सांगता येत नाही. दुसऱ्या मजल्यावर प्रशासन आहे, तिथे विचारा." खोटं काही नव्हतं त्यात. पहिल्या दिवशी तीन जण वर गेले. आठवड्याच्या शेवटी वर रांग लागली.

पृथ्वीराज जगदाळेंनी तिला बोलावून घेतलं. ते मुख्य प्रशासक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नसे.

"रणपिसे मॅडम, आपण एकवीस वर्षं इथे आहात. आपल्याला काही त्रास आहे का?"

"सर, समन्वय शुल्क कशाचं आहे?"

"प्रश्न मी विचारला."

"त्रास तोच आहे, सर."

जगदाळेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला वाटलं होतं तसे ते चिडले नाहीत. थकल्यासारखे बोलले. "ऑक्सिजन प्लांटचं कर्ज आहे. विजेचा आकडा तुम्ही पाहिलाय का? गरीब रुग्णांच्या राखीव खाटा आपण प्रामाणिकपणे भरतो. ते अठराशे काढले, तर मला ते दुसरीकडून आणावे लागतील. खाटभाड्यातून, नाहीतर तुमच्या पगारवाढीतून. सांगा, कुठून आणू?"

"खाटभाड्यातून आणा, सर. पण मग खाटभाडं म्हणा. लोक भरतात. आम्ही नाव एक लिहितो आणि पैसे दुसऱ्याचे घेतो, तेवढंच बोचतं."

"हे सगळं इतकं सोपं नसतं."

"मी सोपं कुठे म्हणतेय?"

पुढच्या महिन्यात तिची बदली झाली. तळघरातल्या अभिलेख विभागात. पगार तोच, पंखा एक, खिडकी नाही. इंद्रजीत म्हणाला, "चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. आता तरी गप बस." पूर्वा म्हणाली, "आई, एचआरला मेल टाक." प्रियदर्शनीने फ्रीज उघडला, बंद केला, आणि कोपऱ्यापर्यंत चालून आली.

तळघरात दिवस संपता संपेना. फायली वर्षवार लावायच्या, वाळवीचं औषध मारायचं, वरून मागणी आली की शोधून पाठवायची. ती रॅकच्या मधल्या बोळातून फेऱ्या मारायची. पहिले पंधरा दिवस तिने फक्त फेऱ्या मारल्या. मग तिच्या ध्यानात आलं, की रुग्णांच्या फायलींमागच्या भिंतीला प्रशासनाची जुनी परिपत्रकं लावलेली आहेत. तीही वर्षवार. आणि ती नीट लावून ठेवणं हे आता तिचंच काम आहे.

तिने सरकवत सरकवत वर्षं मागे नेली. जूनच्या मध्यात तिला ते सापडलं. दोन हजार वीस सालचा ऑगस्ट. एका पानाचं परिपत्रक. साथीमुळे नातेवाइकांना वॉर्डात सोडत नव्हते. म्हणून रुग्णाची खबर रोज नातेवाइकांना फोनवरून देण्यासाठी चार समन्वयक तात्पुरते नेमण्यात येत आहेत. त्यांच्या मानधनापोटी प्रत्येक दाखल रुग्णाकडून अठराशे रुपये समन्वय शुल्क घ्यावे. शेवटची ओळ होती, 'नातेवाइकांना प्रवेश सुरू होताच ही आकारणी थांबवावी.'

प्रियदर्शनी तिथेच जमिनीवर बसली.

तिला त्या मुली आठवल्या. सगळे त्यांना 'फोनवाल्या मुली' म्हणत. समन्वयक हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता आणि बिलावर तेव्हा इंग्रजीत नुसती चार अक्षरं यायची, म्हणून तिला दोन्हींची सांगड कधी घालता आली नव्हती. दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये त्या मुलींना काढलं होतं. एकीने जाताना पेढे वाटले होते. तेजस्विनी. तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत स्वतः किती जणांकडून ते पैसे घेतले, याचा गुणाकार प्रियदर्शनीने मनात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

तेजस्विनी आता एका तपासणी केंद्रात कामाला होती. दोघी एका रविवारी सकाळी विश्रांतवाडीच्या चौकात रसवंतीगृहात भेटल्या. हकिकत ऐकून तेजस्विनी बराच वेळ ग्लास हातात फिरवत राहिली.

"दिवसाला साठ फोन करायचे मी, ताई. वही होती माझ्याकडे. डॉक्टरांचं वेगळं लिहायचे आणि घरच्यांसाठी वेगळं. 'आज अर्धी पोळी खाल्ली', 'नातवाचं नाव घेतलं', असलं. एक आजोबा रोज म्हणायचे, ऑक्सिजनचं नको सांगू, ती चिडली होती का तेवढं सांग. चिडली म्हणजे बरी आहे." ती थांबली. "चौदा हजार मिळायचे. कमी होते, पण काम होतं. आम्ही गेल्यावरही आमच्या नावाने घेत होते म्हणजे?"

"मीच घेत होते," प्रियदर्शनी म्हणाली.

तेजस्विनीने आपल्या रसाचे पैसे काढले. ते प्रियदर्शनीने देऊ दिले नाहीत.

परिपत्रकाची प्रत तिने घेतली नाही. रेकॉर्ड बाहेर नेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, आणि ते नियमातही नव्हतं. तिने फक्त क्रमांक आणि तारीख हातावर लिहून घेतली आणि घरी येऊन विश्वस्त मंडळाला पत्र लिहिलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्या चार पत्रांत राग होता. पाचव्यात फक्त क्रमांक, तारीख, शेवटची ओळ आणि एक वाक्य होतं, 'समन्वयक मार्च २०२२ पासून कामावर नाहीत, आकारणी मात्र आजही सुरू आहे.' खाली सही, हुद्दा. जगदाळेंना तिने प्रत स्वतः नेऊन दिली.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. "मी चोवीस साली आलो," ते म्हणाले. "मला ती ओळ चालू अवस्थेतच मिळाली." मग जरा वेळाने, "तुम्ही हे आधी माझ्याकडे आणलं असतं तर?"

"आधी माझ्याकडे कागद नव्हता, सर. नुसता प्रश्न आणला होता."

पुढचे सात आठवडे तिने कसे काढले, ते इंद्रजीतलाच ठाऊक. तिने घरातले सगळे डबे उतरवून पुसले, पुन्हा लावले, पुन्हा उतरवले. बाहेर मोटारसायकल थांबली की दाराशी जायची, जणू बडतर्फीचं पत्र कुणी हातोहात आणून देणार होतं. विहारात वंदनेला बसली तरी दोनदा उठली. कामावर कुणी काही बोलत नव्हतं. संस्कृती कँटीनमध्ये दिसली की मान खाली घालायची.

ऑगस्टच्या शेवटी नोटीस लागली. समन्वय शुल्क बंद. साधं खाटभाडं दिवसाला ऐंशी रुपयांनी वाढलं. प्रवेशद्वाराशी मोठं दरपत्रक लागलं, प्रत्येक आकारापुढे तो कशासाठी हे एका ओळीत. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात, ज्यांच्याकडून हे शुल्क एप्रिल २०२२ पासून घेतलं गेलं त्यांनी पावतीसह अर्ज केल्यास परत मिळेल. प्रियदर्शनीचं नाव कुठेच नव्हतं. तिला काढलंही नाही आणि वरही बोलावलं नाही.

इंद्रजीत खुशीत कलिंगड घेऊन आला. ऑगस्टमधलं ते पांढरट, बेचव कलिंगड खाताना प्रियदर्शनी म्हणाली, "ती बारीक अक्षरं कोण वाचणार?"

"झालं?" इंद्रजीत म्हणाला. "आता अक्षरांच्या मागे."

रुग्णांच्या फायलींत पत्ते होते, फोन होते, पण लोकांना कळवायला ते वापरणं बरं नव्हतं. मात्र एक पत्ता तिला फाइल न बघता माहीत होता. मांजरी, घुल्यांची रोपवाटिका. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ती तिकडे गेली. नव्या इमारतींच्या रांगेला वळसा घालून, उसाच्या एका तुकड्याच्या कडेने गेल्यावर हिरव्या जाळीचा मांडव दिसला. भैरू जास्वंदीच्या पिशव्यांत माती भरत होते. चंपाबाई पलीकडे नळी धरून पाणी घालत होत्या, ठणठणीत.

त्यांनी तिला ओळखलं नाही. "काचेतल्या बाई," असं तिने सांगितल्यावर ओळखलं.

तिने सगळं सांगितलं. समन्वय म्हणजे कोण, त्या मुली, ते साठ फोन, शेवटची ओळ. अर्जाचा कागद पुढे केला. भैरूंनी हात पुसून सही केली. चंपाबाईंनी डब्यातून पावती शोधून आणली. मग भैरूंनी विचारलं, "म्हंजी आता ती ओळ काढली?"

"काढली."

"आन त्या पोरी?"

"त्या केव्हाच गेल्या."

"मग ह्ये उलटंच झालं की ओ, ताई." भैरूंनी मातीचं घमेलं बाजूला सारलं. "हिचं आप्रेशन सव्वा तास चालंल म्हनले. चार तास झालं. म्या बाकावर बसून. आत जाऊ देत न्हाईत, भाईर कोन येत न्हाई. यानं त्याच्याकडं बोट दावायचं, त्यानं याच्याकडं. मनात काय काय येऊन गेलं, ते मलाच ठावं. नंतर कळलं, आदीच्या पेशंटला येळ लागला, म्हून हिला आत नेलंच उशिरा. येवढंच कुनी येऊन सांगितलं आसतं, तर म्या अठराशे काय, खुशीनं दोन हजार दिलं आसतं. तुमी पैसं परत आनलं, ग्वाड वाटलं. पर मानूस परत आनायचा हुता."

चंपाबाई नळी हातात धरून ऐकत होत्या. "चहा ठिवते," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये तिच्या हातात मोगऱ्याचं रोप होतं आणि डोक्यात वावटळ. सात महिने ती एका ओळीच्या मागे धावत होती. ओळ खोडली गेली आणि ती समाधान मानायला निघाली होती. त्या ओळीमागचं काम खरंच हवं होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शस्त्रक्रिया विभागाबाहेरचा तो लांब बाक तिने एकवीस वर्षांत हजार वेळा पाहिला होता. त्यावर बसलेली माणसं जेवणाच्या वेळी तिच्याच खिडकीशी येऊन विचारायची, "आतलं काही कळेल का?" आणि ती सांगायची, "इथे फक्त बिल."

सोमवारी ती वेळ न घेता जगदाळेंच्या दारात गेली.

"आता काय?" ते म्हणाले.

"सर, मला तळघरातून काढा आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ठेवा."

"कशासाठी?"

तिने भैरूंचे चार तास सांगितले. जगदाळेंनी ऐकून घेतलं. "म्हणजे आधी शुल्क बंद करायला लावायचं आणि मग फुकटात सेवा सुरू करायला लावायची."

"फुकटात कुठे? माझा पगार चालूच आहे. मी तिथे वाळवी मारते. वाळवी मारायला अर्धा दिवस पुरतो."

जगदाळे हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसला. विचार करतो म्हणाले. विचाराला दिवाळी उलटली. मधल्या काळात प्रियदर्शनीने त्यांना दर सोमवारी आठवण केली. एका सोमवारी ते तिला बघून जिन्याने गेले, तर ती मागोमाग जिन्याने गेली. नोव्हेंबरच्या मध्यात आदेश निघाला. सकाळी आठ ते दुपारी दोन शस्त्रक्रिया विभाग, नंतर अभिलेख. प्रायोगिक तत्त्वावर, तीन महिने.

पैसे परत मागणारे अर्ज तोवर एकशे सदतीस आले होते. हजारोंपैकी एकशे सदतीस. त्यातले साठेक तिने रविवारी वस्तीत आणि ओळखीपाळखीत फिरून भरून घेतलेले. हा आकडा तिला सलायचा, आणि अजूनही सलतो.

नव्या कामाला खुर्ची होती, पण ती खुर्ची बहुतेक वेळ रिकामीच राहायची. ती आत जायची, फलकावर बघायची, सिस्टरशी बोलायची, बाहेर येऊन बाकापाशी थांबायची. काही वेळा सांगण्यासारखं काही नसायचं, तेव्हा तेवढंच सांगायची. एकदा वाईट बातमी डॉक्टरांच्या आधी तिच्या चेहऱ्यावर वाचली गेली. ते तिला फार लागलं. पुढचे दोन दिवस ती कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. मग तिने तेजस्विनीला फोन करून विचारलं, अशा वेळी ती काय करायची. तेजस्विनी म्हणाली, "काही नाही, ताई. फोनवर चेहरा दिसत नाही ना. तुमचं अवघड आहे."

डिसेंबरात एका सकाळी बाकावर एक बाई एकटीच बसली होती. तिच्या मुलाच्या पायात सळई घालत होते. हातात पर्स इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली होती. प्रियदर्शनी आत जाऊन आली. "सळई बसली. आता टाके घालताहेत. अजून अर्धा तास, मग शुद्धीवर यायला तेवढाच. मी पुन्हा येऊन सांगते."

बाईने श्वास सोडला. मग पर्स उघडत दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमचे वेगळे द्यायचे असतात का? किती?"

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "मला पगार आहे." बाईला ते खरं वाटलं नाही, हे तिला दिसलं. तिने बाईला दरपत्रक कुठे लावलंय ते सांगितलं, आणि तेवढ्यात आतून हाक आली म्हणून ती वळली.